अकराव्या जागेवरचं नाव

"धा मझार, धा बाहेर!" मुकादम आप्पांची सकाळ या आरोळीने सुरू व्हायची. दहा जणी आत, दहा बाहेर.

वडील नव्हते. मी आणि माय नंदुरबारच्या एका जिनात, सरकी काढायच्या कारखान्यात, कपाशीतला कचरा वेचायचो. कामाच्या दिवशी चूल दोनदा पेटायची, रिकाम्या दिवशी एकदा. मी मॅट्रिक झाले होते, पण चुलीला त्याचं काय?

त्या वर्षी कपाशी कमी आली. ऐंशी बायका आणि काम चाळीस जणींना. असे मुकादम तुम्हीही पाहिले असतील, जे ओळखीच्यांना आत सोडतात. आप्पांनी तसं केलं नाही. यादी फाटकाच्या खिळ्याला लावायची, एकेक नाव वाचायचं आणि एकेक बोट मिटायचं. दोन्ही मुठी मिटल्या की हात पाठीमागे. मग पुढची दहा नावं नुसती ओठांत. ती बाहेर. त्यापुढची दहा पुन्हा मोठ्याने. दुसऱ्या दिवशी बरोबर उलट.

"आप्पा, मन्हं नाव जरा वर सरकाडा ना," एखादी म्हणायची.

"वर काय देव बसेल शे? तठेच ऱ्हाय."

माय अकरावी, मी बारावी.

हंगामाच्या मध्यावर माय तापाने गेली. तीन दिवसांत. पाचव्या दिवशी मी कामावर गेले. रडू येत नव्हतं. यादी घामाने फाटली होती. आप्पा म्हणाले, "तुन्हं अक्षर चांगलं शे, नवी लिखी दे." मी लिहिली. मायचं नाव सोडून दिलं. ती नव्हतीच, तर लिहायचं कशाला?

दुसऱ्या सकाळी आत जायचा पाळा पहिल्या, तिसऱ्या, पाचव्या, सातव्या दहांचा होता. एकविसावी बाई मोलगीकडची, तान्हं पोर घेऊन डोंगर उतरून आलेली. तिचा आदला दिवस रिकामा गेला होता. एक नाव गळाल्याने ती आता विसावी झाली, म्हणजे पुन्हा बाहेर. ती टोपली पालथी घालून फाटकाशी बसली. आणि काल काम केलेली एकतिसावी तिसावी होऊन हसत हसत आत गेली.

संध्याकाळी आप्पांनी तिला तिथेच बसलेलं पाहिलं. यादी काढली, बोटं मिटत गेले, अकराव्याला थांबले. मला घरून बोलावलं.

"मायनं नाव काब्र काढं?"

"ती आते नही ना, आप्पा."

"ती नही. तिनी जागा शे. तू जागा काढी, अन् त्या बाईनं पोऱ्यं उपाशी ऱ्हायनं."

त्यांनी पेन्सिल पुढे केली. मी अकराव्या ओळीच्या वर, अरुंद जागेत, मायचं नाव लिहिलं.

सकाळी आमच्या दहांचा पाळा होता. आप्पांनी मायचं नाव मोठ्याने घेतलं. त्यांनी बोट मिटलं, मोलगीच्या बाईला पुढे बोलावलं आणि माझ्याकडे पाहिलं.

"आज तिनी जागावर हाई जाई. चाली ना?"

"चाली," मी म्हटलं.

मोलगीची बाई माझ्या शेजारी बसली. दिवसभर पोर माझ्या पदराशी खेळत होतं.

पुढे एक दिवसाआड ते नाव पुकारलं जायचं. कोणाचा पाळा हुकला असेल तर ती आत जायची, नाहीतर जागा रिकामी. मालकाचा कारकून कुरकुरला तेव्हा आप्पा म्हणाले, "नऊ जनी धाचं काम करतीन." आम्ही केलं.

पाळ्यांचा क्रम कधी चुकला नाही, त्यामुळे माझे रिकामे दिवस मला आधीच ठाऊक असायचे. मी कॉलेजात नाव घातलं. एक दिवस जिन, एक दिवस वर्ग. असे चार हंगाम काढले.

पाचव्या हंगामाला आप्पा आले नाहीत. कापसाचे तंतू छातीत बसले होते, दिवाळीआधीच गेले. नवा मुकादम जी पुढे घुसेल तिला घेतो, असं बायका सांगत होत्या. मोलगीची बाई दोन दिवस धक्के खाऊन परत गेली.

तोवर मी बी.ए. झाले होते. आमच्या घरात शाळेची पायरी चढलेली मी पहिली, आणि पदवी घेतलेलीही मीच, आप्पांच्या यादीने दिलेल्या रिकाम्या दिवसांवर.