केदारच्या अलीकडची चट्टी

माझ्या नातवाला डोंगर चढायचं वेड लागलंय. परवा इंदूरहून आला आणि हिंदीतच सुरू झाला, "आजोबा, आप भी तो गए थे ना, स्कूल के लड़कों के साथ? केदारनाथ तक पैदल! कितना मज़ा आया होगा!" मी म्हटलं, मजा कसली डोंबलाची! किळस आली, किळस. आजही आठवलं की घास तोंडात फिरतो. त्याला वाटलं आजोबा वाटेवरच्या घाणीबद्दल, घोंघावणाऱ्या माशांबद्दल बोलतायत.

माशा तर होत्याच. पण ते पुढे सांगतो.

तेव्हा मी देवासला मराठी शाळेत होतो, पंधरा वर्षांचा. संस्थानं विलीन होऊन चार-पाच वर्षं झाली असतील. आमच्या सायन्सच्या मास्तरांच्या डोक्यात आलं की माळव्यातली पोरं सपाट जमिनीवर वाढून मऊ झालीत, त्यांना उन्हाळ्यात हिमालय दाखवायचा. देवासची सहा आणि धारची तीन, अशी नऊ पोरं तयार झाली. घरच्यांनी मात्र एकच अट घातली. पोरांच्या पोटात परक्या हातचं शिजलेलं अन्न जाता कामा नये. माझ्या वडिलांनी तर मास्तरांना घरी बोलावून, देवासमोर उभं करून कबूल करून घेतलं.

आता गंमत बघा. हेच मास्तर वर्गात टेबलावर मूठ आपटून सांगायचे, "सोवळं-ओवळं सगळं थोतांड आहे! जंतू साबणानं मरतात, मंत्रानं नाही!" लोका सांगे ब्रह्मज्ञान, आपण कोरडे पाषाण. घरच्यांपुढे त्यांनी नंदीबैलासारखी मान हलवली आणि आपल्या थोरल्या बहिणीला स्वयंपाकाला बरोबर घेतलं.

त्यांना आम्ही सगळे आक्काच म्हणायचो. पन्नाशीला टेकलेल्या, बारा-तेराव्या वर्षी विधवा झालेल्या, लाल अलवणातल्या. देवासच्या माताजीच्या टेकडीपलीकडे त्यांनी जग पाहिलं नव्हतं. मास्तर ह्या प्रकाराला 'सहल' म्हणायचे, आक्का 'यात्रा' म्हणायच्या. गाडीत बसल्या बसल्या त्या मला म्हणाल्या, "मला रे बाळा, एकदा केदाराचं दर्शन झालं की झालं. मग तुम्हा लोकांकडे दुसरं काही म्हणून मागणार नाही." त्यांच्यासाठी सगळा प्रवास एवढ्याचसाठी होता. नऊ पोरांच्या पोळ्या लाटायच्या आणि त्या बदल्यात केदार बघायचा.

पहिली घाण मी केली. हृषीकेशच्या पुढे मोटार वळणं घ्यायला लागली आणि माझ्या पोटात ढवळायला लागलं. आक्का शेजारी बसल्या होत्या, मांडीवर त्यांचं सोवळ्याचं गाठोडं. त्यात त्यांची धाबळी होती, म्हणजे सोवळ्यात नेसायचं लोकरी वस्त्र. लोकरीला रोज भिजवायची गरज नाही, ती तशीच सोवळ्याला चालते, आणि ऊबही देते. मी खिडकीकडे वळायच्या ऐवजी त्या गाठोड्यातच भडाभडा ओकलो. सगळी पोरं "शी! शी!" करत नाकं दाबून बसली. आक्का एवढंच म्हणाल्या, "असू दे रे. पोटातलं निघालं, बरं वाटेल." मोटार संपली तिथं त्या नदीवर धाबळी धुवायला गेल्या. मंदाकिनीला असली ओढ, की हातातून वस्त्र गेलं ते गेलंच.

तिथून पुढे पायी. रोज एका चट्टीवर मुक्काम. चट्टी म्हणजे वाटेकडेचं लांबट झोपडं, पुढे दुकान, मागे कुडाच्या आडोशाला मातीची जमीन. दुकानदाराकडून आटा-डाळ-लाकडं घेतली की निजायला जागा आणि रांधायला भांडी तो आपणहून देई. ऐकायला छान वाटतं ना? जमिनीवर आदल्या यात्रेकरूंची उष्टी, त्यावर माशांची चादर. डाळीत माशी, दुधात माशी, बोलायला तोंड उघडलं की तोंडात माशी. घोंगडीत पिसवा. सकाळी लोटा घेऊन बाहेर पडावं तर पाय ठेवायला जागा नाही, हजारो भाविकांनी पुण्य करून ठेवलेलं. धारचा एक पोरगा रोज म्हणे, "भिया, हा स्वर्गाचा रस्ता आहे की संडासाचा?"

आणि ह्या उकिरड्यात आक्का सोवळ्यात स्वयंपाक करायच्या! धाबळी गेली, मग दुसरा उपाय एकच होता. अलवण भिजवायचं, पिळायचं आणि तसंच ओलेत्यानं चुलीपुढे बसायचं. माळव्याच्या उन्हाळ्यात ते दहा मिनिटांत वाळतं. इथं ते वाळत नव्हतं. पाण्यात बोट घातलं तर बोट बधिर व्हायचं, आणि ही बाई ते पाणी अंगावर घेऊन आमच्यासाठी पोळ्या लाटायची. समोर धग, पाठीला बर्फाचा वारा. आम्ही कानटोप्या घालून, घोंगड्या पांघरून पलीकडे बसायचो आणि ओरडायचो, "आक्का, पोळी करपली हं आजची!" शेळी जाते जिवानिशी आणि खाणारा म्हणतो वातड. मास्तरांनी एकदा तरी म्हणावं, की आक्का, कोरडं नेस, मी बघतो घरच्यांचं काय ते. नाही म्हटलं. मीही नाही म्हटलं. आयत्या पोळ्या कुणाला नकोत?

रामबाड्याच्या चट्टीवर पोचलो तेव्हा आक्का तापानं फणफणल्या होत्या. तिथून केदार उरला होता एका चढणीचा. मास्तर म्हणाले, "तू पड आज. आम्ही वर जाऊन उद्या दुपारपर्यंत येतो. ताप उतरला तर परवा सकाळी तुला कंडीत बसवून दर्शन करवून आणीन, माझा शब्द." कंडी म्हणजे पाठीवरची वेताची टोपली, हमाल तीत माणूस घेऊन चढतो. कंडीवाला ठरलासुद्धा. दुकानदाराची म्हातारी आई जवळ बसायला तयार झाली. आक्का थरथरत विचारत होत्या, "अरे पण पोरांना वरती रांधून कोण घालेल?" मास्तर म्हणाले, "बघू."

काय बघितलं ते सांगतो. दीड तास चढलो असू. वाटेवर एक दुकान, कढईत पुऱ्या फुगतायत, बटाट्याच्या रस्स्याचा वास. दुकानदारानं नाक शिंकरलं, हात कमरेच्या फडक्याला पुसला आणि त्याच हातानं पीठ मळायला घेतलं. "आओ बाबूजी, गरम है!" आम्ही नऊ जणांनी मास्तरांकडे पाहिलं. मास्तरांनी मागे वळून वाटेकडे पाहिलं, आणि पहिली पुरी त्यांनीच उचलली.

मग काय विचारता! तुटून पडलो आम्ही. वर पंड्याच्या घरी रात्री शिरा-पुरी, सकाळी पुन्हा पुरी. कुणाला मळमळलं नाही, कुणाची जीभ झडली नाही, आकाश कोसळलं नाही. दहा दिवस ती बाई ओल्या वस्त्रात काकडली ती कशासाठी, हे एकालाही विचारावंसं वाटलं नाही. देवळात जाऊन घंटा वाजवल्या, एकमेकांवर बर्फ फेकला. मजा म्हणाल तर एवढीच, आणि तिचीच मला सगळ्यात जास्त शिसारी येते.

दुसऱ्या दिवशी दुपारी रामबाड्याला उतरलो. आक्का उठून बसल्या होत्या! ताप उतरला होता, म्हातारीनं गरम दूध पाजलं होतं, चेहऱ्यावर तरतरी होती. कंडीवाला येऊन सकाळची वेळ सांगून गेला होता. त्यांनी आधी आमच्या कपाळाचा अंगारा बोटानं टिपून आपल्या कपाळाला लावला. मग विचारलं, "आणि खाल्लंत काय रे दोन दिवस?"

 मास्तर चष्मा काढून धोतराच्या सोग्यानं पुसायला लागले. मला वडील दिसले, देवासमोर उभे. परत गेल्यावर आक्काच्या तोंडून निघालं तर माझी काय गत होईल ते दिसलं. मी म्हणालो, "काही नाही आक्का. फुटाणे खाल्ले."

"नुसते फुटाणे?"

"हो. परक्या हातचं कसं खाणार?"

"अग बाई! लेकरं उपाशी माझी!" त्या उठल्याच. भिंतीला धरून उभ्या राहिल्या, अलवण घेतलं आणि झऱ्याच्या धारेकडे निघाल्या. मास्तर म्हणाले, "आक्का, राहू दे ग आज." एवढंच म्हणाले. 'पोटं भरलीत आमची' हे दोन-तीन शब्द त्यांच्याजवळ होते, माझ्याजवळ होते, बाकीच्या आठ पोरांजवळ होते. दहाही तोंडांत मिठाची गुळणी. बर्फाचं पाणी त्यांच्या अंगावर पडल्याचा आवाज आम्ही बसल्या जागी ऐकला.

त्यांनी डाळ केली, भात केला, पोळ्या केल्या. पोळ्या वाकड्या होत होत्या. आमची पोटं तट्ट, पण उपाशी पोरांसारखं खायलाच हवं होतं. पानात टाकलं तर खोटं उघडं पडलं असतं. मी चार पोळ्या खाल्ल्या. पाचवी त्यांनी आग्रहानं वाढली, तीही खाल्ली. मग आडोशाला जाऊन ओकलो.

दिवेलागणीला त्यांना पुन्हा हीव भरलं. सकाळी कंडीवाला आला तेव्हा त्यांना मान धरवत नव्हती, छातीतून घरघर येत होती. दुकानदार म्हणाला, माईला वर नेलंत तर वरच राहील, खाली उतरवा. ज्या टोपलीत बसून त्या चढणार होत्या तीत घालून त्यांना खाली नेलं.

त्या वाचल्या. पुढे पुष्कळ वर्षं जगल्या, पण केदाराला पुन्हा जाणं झालं नाही. मास्तरांनी नाव काढलं नाही आणि त्यांनी मागितलं नाही. देवासला आम्हा पोरांचा मात्र मोठा बोलबाला झाला, कडक सोवळं पाळून यात्रा केली म्हणून. माझ्या वडिलांनी चारचौघांत माझी पाठ थोपटली.

कंडीत माणूस हमालाच्या पाठीला पाठ लावून बसतो. हमाल उताराला चालत होता आणि आक्काचं तोंड वर, केदाराकडे. मी मागून येत होतो, म्हणजे त्यांच्या अगदी समोर. धुक्यात काही दिसत नव्हतं तरी त्यांनी हात जोडलेलेच होते. बऱ्याच वेळानं त्यांची नजर माझ्यावर आली.

"काल पोट भरलं ना रे तुझं?" त्यांनी विचारलं.

मी म्हटलं, "हो, आक्का."

"मग झालं," त्या म्हणाल्या आणि डोळे मिटून घेतले.