मला उशिरा वाटतं

पडदे शिवायच्या कारखान्यात सगळ्या जणी तिला 'सरळी' म्हणायच्या. शिवण सरळ म्हणून की बोलणं सरळ म्हणून, हे तिने कधी विचारलं नाही. कुणी 'काय, बरंय ना?' म्हटलं की ती कुठे काय दुखतंय ते सांगायला लागायची. विचारणारी तोवर पुढे गेलेली असायची. चाळिशीच्या तोंडावर वहिनीने तिला डॉक्टरीणबाईंकडे नेलं. हा ऑटिझम आहे, जन्मापासूनचा, असं त्या म्हणाल्या. वहिनीला हायसं वाटलं. सरळीला मात्र आजवर आपल्याला हसलेले चेहरे एकदम आठवले.

कारखान्यात तिचं जमायचं ते एका इस्त्रीवालीशी. दुपारी दोघी खिडकीखाली डबे उघडायच्या. इस्त्रीवालीच्या तोंडाचा पट्टा सुरू व्हायचा आणि सरळी सुखाने ऐकत बसायची. कोण रागावलंय, कोण टोमणा मारतंय, हेही तीच सरळीच्या कानात सांगायची.

एक दिवस डब्याच्या सुट्टीत इस्त्रीवाली लाल डोळ्यांनी खिडकीखाली आली.

"काय झालं?" सरळीने विचारलं.

"काही नाही गं. झोप झाली नाही."

"मग आज लवकर झोप," सरळी म्हणाली आणि जेवायला लागली.

बाकीच्या बायकांनी मात्र आपापले डबे तसेच टाकून इस्त्रीवालीला घेरलं. कुणी पाठीवरून हात फिरवला, कुणी पाणी आणलं. हळूहळू सगळं बाहेर आलं. नवरा घर सोडून गेला होता. सरळीचा घास हातातच राहिला. ह्यांना कसं कळलं? ती तर 'काही नाही' म्हणाली होती.

"तू खुशाल जेवत बसलीस," इस्त्रीवाली तिच्याकडे वळून म्हणाली. "तुला काहीच वाटत नाही का गं?"

वाटलं. पण संध्याकाळी, भांडी घासताना. इतकं वाटलं की नळ तसाच वाहता ठेवून ती ओट्याखाली बसली. वहिनीने हलवलं, तर तोंडातून शब्द फुटेना.

सुट्टीच्या दिवशी ती वाक्यं घोकत इस्त्रीवालीच्या घरी गेली.

"कशाला आलीस एवढ्या लांब?" इस्त्रीवालीने दारातच विचारलं.

हे 'ये, बैस' होतं की 'जा' होतं? घोकलेलं सगळं पुसलं गेलं. "वाटतं मला," सरळी म्हणाली. "पण मला उशिरा वाटतं. ऑटिझम आहे मला."

"माझा संसार मोडलाय, आणि तू तुझंच सांगायला आलीस?"

"हो," सरळी म्हणाली. खरंच होतं ते.

दार हलकेच लागलं. त्याचा अर्थ लावत ती कितीतरी वेळ जिन्यात उभी होती.

पुढे इस्त्रीवालीने काम सोडलं, माहेरी जायचं ठरवलं. शेवटच्या दिवशी ती एकेकीला भेटत सरळीच्या मशीनपाशी आली आणि मागून तिच्या खांद्यावर हात ठेवला. अवचित कुणाचा हात लागला की सरळीचं अंग आक्रसायचं. तसंच आक्रसलं. हात लगेच बाजूला झाला. तिने मान वळवली तोवर इस्त्रीवाली दारापर्यंत पोचली होती.

तिच्या जागी नवी बाई आली. चांगली होती. सरळी आता मशीनवरच डबा खाते.