सोमाच्या बापाचं काय झालं

लालबागला मालनमावशी घाडीगावकरांची लायब्ररी होती, असं आता सांगितलं तर कुणाला पटायचं नाही. लायब्ररी म्हणजे काय, तर चाळीच्या जिन्याखालची जागा, दोन फळ्या आणि एक बाक. नवरा गिरणीत, आणि ही बाई पोरांना गोष्टींची पुस्तकं भाड्याने देई. घरी न्यायचं तर पूर्ण भाडं, बाकावर बसून वाचायचं तर निम्मं. त्यामुळे पोरं बाकावरच. एक जण भाडं भरून वाचणार आणि बाकीचे माना तिरक्या करून फुकटात बघणार. मावशी ओरडायची खूप, पण उठवायची कुणाला नाही.

सगळ्यात जास्त मागणी ‘दर्यावीर सोमा’ला. आज ही चित्रकथा कुणाच्या खिजगणतीत नाही, पण तेव्हा पोरं तिच्यापायी ताटावरून उठून येत. सोमाच्या बापाला काळ्या गलबतावरच्या चाच्यांनी पळवलेलं आणि सोमा त्याला शोधत दर्या पालथा घालतोय, असे अंकामागून अंक चालले होते. मावशीसुद्धा नवा अंक पोरांच्या आधी स्वतः वाचून घ्यायची.

आणि मग शेवटचा अंक आला. काय असावं त्यात? सोमा झोपेतून जागा होतो आणि आई म्हणते, तोंड धू, शाळेला उशीर होतोय. गलबत नाही, चाचे नाहीत, सगळं स्वप्न! बाप तर केव्हाच वारलेला. उरलेली पानं केसांच्या तेलाच्या जाहिरातींनी भरलेली. मावशीच्या अंगाचा तिळपापड झाला. गिरण्यांचा संप चिघळला होता, निम्म्या चाळीचे बाप घरात तोंड पाडून बसले होते, आणि त्यांच्या पोरांना हे वाचायला द्यायचं? तिने अंक ट्रंकेच्या तळाशी घातला. पोरांना म्हणाली, शेवटचा अंक उंदरांनी कुरतडला, पण मी वाचलाय, बसा, सांगते. मग तिने जे काही सांगितलं ते संपेपर्यंत एक पोर जागचं हललं नाही.

गोची पुढे झाली. काही वर्षांनी पोरांची नवी फळी आली, तोवर आपण आधी काय सांगितलं ते मावशी साफ विसरली होती. तिने दुसराच शेवट सांगितला.

आता त्या चाळीच्या जागी टॉवर आहे. मावशी वरच्या मजल्यावर राहते आणि गुडघे सोडले तर तिचं झकास चाललंय. गेल्या रविवारी बेल वाजली. दारात अजित आणि प्रिती. दोघंही त्याच चाळीत वाढलेले, आता नवराबायको, राहतात परळला. हा पहिल्या फळीतला, ती दुसऱ्या फळीतली. आदल्या रात्री घरी जेवताना सोमाचा विषय निघाला आणि दोघांत जुंपली. अजित म्हणे, सोमाने बापाला सोडवून घरी आणलं. प्रिती म्हणे, छे, बापच काळ्या गलबताचा कप्तान निघाला आणि सोमाने त्याला वळवलं. हरेल त्याने महिनाभर मासळी साफ करायची असं ठरवून दोघं निकालाला आली होती.

मावशीची पंचाईत झाली. तिच्या शब्दावर चाळीतली भांडणं मिटायची. आता या वयात ही पोरं म्हणणार, मावशीने आम्हाला फसवलं. चहा ठेवते म्हणून ती आत गेली आणि साखर दोनदा घालून बसली. पण टाळणार तरी किती वेळ? बाहेर येऊन तिने सगळं सांगून टाकलं, दिवाणाखालची ट्रंक अजितला ओढायला लावली आणि अंक त्याच्या हातात ठेवला.

दोघांनी डोक्याला डोकं लावून तो वाचला. अजितने शेवटचं पान उलटसुलट करून पाहिलं.

“हा नकली आहे,” तो म्हणाला. “कुणीतरी तुम्हाला भलताच अंक चिकटवलाय, मावशी.”

नकली नाही रे बाबा, ती म्हणाली, नकली ते तुमचे शेवट, ते मी रचलेले. त्यावर अजित हसला. प्रितीही हसली. मायेनेच हसली, पण हसली.

“तुम्ही कशाला रचाल, मावशी? असलं काही घरच्या घरी सुचतं होय?” प्रिती म्हणाली.

झालं! ज्याची धास्ती होती ते राहिलं बाजूला आणि भलतंच झोंबलं. इतकी वर्षं तिच्या गोष्टी कुणा छापणाऱ्याच्या नावावर खपल्या, तिला कधी काही वाटलं नव्हतं. पण आज ती स्वतःच्या तोंडाने कबूल करतेय आणि ही दोघं मानायला तयार नाहीत! एवढा संताप तिला त्या अंकाचाही आला नव्हता.

“बस मेल्या खाली,” ती म्हणाली. “तू पण बस गो.”

आणि तिने सुरुवात केली. सोमा गलबतावर चढतो तर गलबत रिकामं. चाचे कधीच पळालेत. एकटा बाप सुकाणूला बसलाय, त्याची नजर गेलीय. कोण आहे, तो विचारतो. सोमा सांगतो, तुमचा मुलगा. बाप मान हलवतो. माझा मुलगा एवढासा आहे, त्याचा आवाज असा नाही, तू कुणी दुसराच.

इथे मावशी अडली. डोळे मिटून, ओठ हलवत नुसती बसून राहिली. अजितच्या हातातला चहा तसाच राहिला.

“मग?” प्रितीने हळूच विचारलं. “बापाला पटलं कसं?”

“थांब गो जरा,” मावशी म्हणाली. “रचतेय ना.”

या वेळी दोघांपैकी कुणी हसलं नाही.