डोरिसची तबकडी घेऊन पोरिरुआला

सासूबाईंना वेलिंग्टन दाखवायचं, एवढाच बेत होता. आई पुण्याहून पहिल्यांदाच आलेल्या, माझ्या नवऱ्याला, मिलिंदला, सुट्टी मिळालेली आणि फेरीबोटीचं तिकीट काढलेलं. तेवढ्यात शेजारची डोरिस कुंपणापाशी आली आणि म्हणाली, "मलाही न्याल? सोमवारच्या आत पोरिरुआला पोचायचंय."

नव्वदच्या दशकातली गोष्ट. आम्ही न्यूझीलंडात ख्राइस्टचर्चला हॉर्नबीत राहायचो, मी तिथल्या एका फार्मसीत नोकरीला होते. ऐंशी ओलांडलेली डोरिस तरुणपणी इंग्लंडात गाणारी होती. समुद्रात शिरलेल्या लाकडी धक्क्याच्या टोकाला नाटकमंडळी तंबू ठोकत, तिथे पांढरे झगे घालून ती आणि तिची बहीण एल्सी गायच्या. पुढे युद्ध आलं, बाँब पडले, त्यात एल्सी गेली. तिची तान्ही मुलगी मॉरीन डोरिसने वाढवली. ती मॉरीन आता वेलिंग्टनजवळ पोरिरुआत राहत होती. एक कान लहानपणीच गेलेला, दुसऱ्यामागे गाठ. सोमवारी ऑपरेशन होतं आणि त्यानंतर काहीच ऐकू येणार नाही, हे सर्जनने स्पष्ट सांगितलं होतं.

एल्सीचा आवाज एकाच जागी उरला होता. त्या धक्क्यावर नाणं टाकून आवाज भरायचं यंत्र होतं, त्यातून निघालेली बशीएवढी अ‍ॅल्युमिनियमची तबकडी. ती इतकी मऊ की पोलादी सुईने एकदा वाजवली तरी चरे पडावेत. तिला बांबूची सुई लागते आणि तरीही प्रत्येक वेळी आवाज थोडा झिजतोच. म्हणून डोरिसने ती कधीच वाजवली नव्हती. मॉरीनने आईचा आवाज कधी ऐकलाच नव्हता. तबकडी पोस्टाने पाठवायची डोरिसची छाती झाली नाही. कुणाची झाली असती?

शनिवारी दुपारी निघालो. जाणार असाल तर ख्राइस्टचर्चहूनच टाकी भरून घ्या, चेव्हियट गावानंतर डोंगर लागतो आणि पेट्रोल महागतं. डोरिस मागच्या सीटवर चावीचा ग्रामोफोन पायाशी आणि फ्लॅनेलमध्ये गुंडाळलेली तबकडी मांडीवर घेऊन बसली होती. वळणावळणाला मिलिंद आरशात बघायचा आणि वेग कमी करायचा. डोरिस मात्र बोलत होती. तेच गाणं वर्षभर गावोगावी चालायचं म्हणे. मग रेडिओ आला. एकदा रेडिओवर गायलं की देशभर ऐकून झालं, दुसऱ्या दिवशी प्रेक्षक जांभया देणार. बोलपटांनी उरलासुरला तंबू उठवला. युद्धात मात्र पुन्हा बोलावणी आली, कारखान्यांच्या कँटीनमध्ये, लष्कराच्या छावण्यांत.

"एल्सी कशी गायची?" मी विचारलं.

"देवदूतासारखी," डोरिस म्हणाली.

कायकोराला मोटेलमध्ये मुक्काम केला. स्वयंपाकघर असलेली खोली घ्या, नाहीतर शाकाहारी माणसाच्या नशिबी चिप्सच. मालक "स्वीट अ‍ॅज" म्हणजे "सगळं झकास" म्हणत किल्ली देऊन गेला. आईंनी भात-आमटी केली, डोरिसने घरचा केक कापला.

सकाळी मी सामान भरत असताना डोरिसची किंकाळी ऐकू आली. सिंकपाशी आई उभ्या होत्या. हातात घासणी, चिंचेचा कोळ आणि ती तबकडी.

"अगं, त्यांनी एवढा केक खाऊ घातला, म्हटलं केकशेजारची ही ताटली लख्ख करून द्यावी," आई म्हणाल्या. "किती काळवंडली होती!"

भांडं परत करताना घासून द्यायचं, हे त्यांच्या अंगात मुरलेलं. मी तबकडी उजेडात धरली. कडेकडेच्या आवाजाच्या खाचा पुसट झाल्या होत्या, मधलं कडं तेवढं वाचलं होतं. मला आईंचा राग आला, भयंकर आला, आणि त्यांचा चेहरा बघून तो गिळावा लागला. डोरिसने तबकडी माझ्या हातातून घेतली आणि पुन्हा फ्लॅनेलमध्ये गुंडाळली.

मग पिक्टनचा, फेरीबोटीच्या बंदराचा, रस्ता धरला. वाटेत खडकांवर सील लोळत होते, ते कुणी कुणाला दाखवले नाहीत. पिक्टनला कळलं, दक्षिणेचं वारं सुटलंय, फेरी लांबली. टर्मिनलवर मिळणारी पाय नावाची पेस्ट्री कोरडी आणि चहा पांचट. डोरिस घड्याळ बघत होती. फेरी रद्दच झाली तर? बऱ्याच वेळाने गाड्या आत सोडू लागले. कूक सामुद्रधुनीत बोट अशी डोलली की आईंनी रामरक्षा म्हटली आणि डोरिसने दोन्ही हातांनी तबकडी छातीशी धरली.

पोरिरुआला पोचलो तेव्हा उजेड सरत होता. साठीकडे झुकलेली मॉरीन दारातच उभी होती, "किया ओरा" असं माओरी स्वागत करत, "या, या" म्हणत. डोरिसने आधीच सगळं सांगून टाकलं. मॉरीन फक्त म्हणाली, "लाव."

मिलिंदने टेपरेकॉर्डर सुरू केला. डोरिसने चावी दिली, बांबूची सुई कातरून लावली. मॉरीनने चांगला कान भोंग्याला टेकवला. खरखर. नुसती खरखर. गाणं त्याखाली कुठेतरी बुडालेलं. डोरिसने डोळे मिटले, आईंनी पदर तोंडाला लावला. सुई मधल्या कड्यावर आली आणि अचानक बाईचा आवाज आला, स्वच्छ, जरासा घोगरा: "डोरिस, हे अजून चालूच आहे का? मेल्या बुटांनी पाय कापलेत माझे!" मग हसणं. मग संपलं.

"देवदूत?" मॉरीन म्हणाली. ती हसत होती आणि रडत होती. "पुन्हा लाव."

"झिजेल गं."

"उद्यानंतर कुणासाठी ठेवायचीय?"

डोरिसने पुन्हा चावी दिली. पुन्हा सुई कातरली. प्रत्येक वेळी आवाज लांब जात होता आणि मॉरीन कान आणखी दाबत होती. मला सारखं वाटत होतं, बास आता, थोडं राहू दे. शेवटी फक्त खरखर उरली, तेव्हा मॉरीनने स्वतःच सुई उचलली आणि आईंना घट्ट मिठी मारली.

ऑपरेशन झालं. गाठ निघाली, कान गेला. डोरिस तिच्याजवळ राहिली. आम्ही वेलिंग्टन घाईत बघितलं. केबल कारने वर जा आणि बागेतून पायी उतरा, एवढंच सुचवेन.

घरी येऊन मिलिंदची कॅसेट लावली. त्यात खरखर, आमचं खोकणं आणि मॉरीनचं हसणं, बाकी काही नाही; भोंगा मॉरीनच्या डोक्याआड होता, त्यामुळे एल्सी टेपवर उतरलीच नव्हती. आई पदराला हात पुसत कॅसेटजवळ आल्या. "यात जागा उरलीय का?" त्यांनी विचारलं. मी रेकॉर्डचं बटण दाबलं. त्या खुर्चीत ताठ बसल्या, पदर सारखा केला, नातवंडांना आशीर्वाद दिले, सगळं कसं सभेत बोलल्यासारखं. मग माझ्याकडे वळून म्हणाल्या, "झालं का? बंद कर बाई ते, भात लागेल."

आई जाऊन आता बरीच वर्षं झाली. ती कॅसेट लावते तेव्हा आशीर्वाद मी पुढे सरकवते आणि थेट 'भात लागेल'वर थांबते.