चार चाकं, चार ठोके

शशीकाका गेल्याचं त्यांच्या मुलीने, ऋचाने, फोनवर सांगितलं. मंगळवारी सकाळी चांदणी घोडीला दाणा घालून ते घरात आले, खुर्चीत बसले आणि... मग ती मला म्हणाली, "काका, पुढच्या शनिवारची बग्गी कॅन्सल करू?"

शशीकाकांच्या बग्गीच्या बुकिंगचे फोन मी घेत असे, म्हणून तिने मला विचारलं. "तू हाकशील?" मी म्हणालो.

"हाकेन. पण बाबा शेजारी नसताना चांदणी माझ्या हाताखाली कधी हललेली नाही. या वेळी नाही चालली, तर बग्गी आणि ती, दोन्ही देऊन टाकू."

शशीकाकांचे वडील मिरजेला टांगा चालवत. काकांनी मात्र शिकागोजवळच्या कारखान्यात लेथवर नोकरी केली. रिटायर झाल्यावर गावाबाहेर तबेला भाड्याने घेतला, एक पांढरी घोडी आणि जुनी बग्गी आणली, आणि डेव्हन ॲव्हेन्यूवरच्या भारतीय मिठाईच्या दुकानात जाहिरात लावली. गिऱ्हाइकं बहुतेक गुजराती आणि पंजाबी. वरात हॉटेलच्या पार्किंग लॉटमधून निघे आणि एक फेरी मारून त्याच हॉटेलच्या दाराशी पोचे. एकदा नवरदेव घायकुतीला येऊन म्हणाला, "काका, थोडं फास्ट?" काकांनी मागे वळूनही पाहिलं नाही. "का रे, नवरी दुसऱ्या हॉलमध्ये चाललीय का?"

पहिल्या वर्षी एका वरातीआधी चाकाचा नट ढिला निघाला. कोणाला लागलं नाही. पण तेव्हापासून निघण्यापूर्वी काका लाकडी हातोडी घेऊन बग्गीभोवती फिरत आणि प्रत्येक चाकावर एक ठोका देत. घट्ट चाकाचा आवाज भरीव येतो, सैल चाकाचा फुटका, असं ते सांगत. वऱ्हाडी ती पूजा समजून हात जोडत. "जोडू देत, आपलं काय जातंय?" काका मला हळूच म्हणत.

त्या शनिवारी मी नेहमीप्रमाणे घोडीच्या तोंडाशी उभा होतो. नवरदेव बसला, ढोल सुरू झाला, ऋचाने लगाम उचलला. चांदणी जागची हलली नाही. ऋचाने पुन्हा हाक दिली. नवऱ्याचे एक मामा म्हणाले, "स्टार्ट होत नाहीये का?" लोक हसले. ऋचाचा चेहरा उतरला.

मी विचारलं, "चाकं बघितलीस?"

"तबेल्यातच चेक केली, काका. रेंचने नट आवळून, चारही."

"चांदणीला ते कसं कळणार?"

ऋचा खाली उतरली आणि सीटखालची हातोडी काढून बग्गीभोवती फिरली. पहिल्या ठोक्याला चांदणीचे कान मागे वळले. चौथ्या ठोक्याला तिने मान खाली घेऊन सैल केली. ऋचा वर चढली, लगाम हातात घेतला, आणि घोडी चालू लागली. फेरी पूर्ण झाली तेव्हा मामा सर्वांत पुढे नाचत होते.

बग्गी देऊन टाकायची गोष्ट ऋचाने पुन्हा काढलेली नाही. पुढच्या महिन्यात दोन लग्नं आहेत. चाकं ती अजूनही आधी रेंचने तपासते, मग हातोडी घेते. हातोडीच्या दांड्यावर काकांच्या अंगठ्याने झिजलेला एक खळगा आहे. ऋचाचा हात लहान, तिचा अंगठा त्यात नीट बसत नाही... ती थोडी खालीच धरते.