उमेळ्याचा चहा आणि सरकारी नकाशा

एसटीत बसवून द्यायला आई आली होती. दुष्काळी माण तालुक्यातल्या आमच्या घराण्यात कॉलेज शिकलेला मी पहिला, आणि शिकलो तेही भूशास्त्र. "पाणी शोधाया तुला समुद्राकाठी धाडत्यात व्हय? हितं शोध म्हणावं," आई म्हणाली. सरकारचं डोकं कसं चालतं, हा विषय आम्हाला कॉलेजात नव्हता.

काम मात्र सोपं होतं. वसई-विरारच्या विहिरी आणि बोअरचं पाणी बाटलीत घ्यायचं, यंत्रानं खारेपणा मोजायचा आणि नकाशावर गोड्याला निळा, खाऱ्याला लाल ठिपका द्यायचा.

पहिला मुक्काम फुलपाडा. इमारती इतक्या खेटून उभ्या, की जमीन तपासायला आलेल्या माणसाला जमीनच दिसेना. एका नव्या इमारतीचा बिल्डर जातीनं स्वागताला आला. "पंपाची चावी वॉचमनकडे, आणि वॉचमन गावी गेलाय. नळाचं घ्या ना साहेब, आमच्या बोअरचंच आहे. एकदम नारळपाणी!"

पाणी खरंच गोड निघालं.

"मग हा टँकर कशाला उभाय?"

"तो झाडांसाठी."

आवारात एकही झाड नव्हतं. टँकरवाल्याला गाठलं, तर तो छाती फुगवून म्हणाला, "उमेळे का पानी है साब, एकदम मीठा."

म्हणून दुसऱ्या दिवशी उमेळं गाठलं. केळीच्या वाड्या (बागा), आणि मधूनच वर आलेले नव्या इमारतींचे खांब. एका वाडीच्या मालकीण रोझीमावशी. मी विहिरीकडे वळलो, तशी त्यांनी बाटली माझ्या हातातून काढूनच घेतली. "बस रे बाबा, उन्हातून आलास. पानी मी भरून आणते. तू चहा पी."

चहा दाट, दुधाचा. मग बाटली आली. यंत्राचा काटा शेवटाला जाऊन आपटला. इतकं खारं पाणी समुद्रानंही दिलं नसतं. बाटलीच्या तळाशी मिठाचा एक खडा अजून विरघळायचा होता.

"मावशी, चहा कुठल्या पाण्याचा?"

"विहिरीच्या. दुसऱ्या कुठल्या?"

"एवढ्या खाऱ्या पाण्यात दूध नासलं असतं."

मावशी पदर खोचून म्हणाल्या, "शिकलेला दिसतोस! मग ऐक. पलीकडची विहीर गोडी म्हणून सरकारनं टँकरला लावली. इतकं उपसलं, की आता तिच्यात दर्या आलाय. केळी करपून गेली. बाटली परत भरायची तर भर, विहीर ती तिथं. पण मग वर्षानं माझी वाडी बघायला ये."

त्यांचं भय खोटं नव्हतं. किनाऱ्याच्या वाळूत गोडं पाणी खाऱ्यावर सायीसारखं तरंगतं. साय ओरपली, की खालून समुद्र वर येतो.

मी चहा संपवला. ठिपका बाटलीवरून द्यायचा, चहावरून नाही, असा नियम आहे. आणि मी पडलो नियमाचा माणूस. उमेळ्याला लाल, फुलपाड्याला निळा. नकाशा पाहून आमचे साहेब हळहळले. "अरेरे! या उमेळ्याला फुलपाड्याहून पाणी पाठवायला हवं."

घरी परतलो, तर आईचा पहिला प्रश्न: "घावलं का पाणी?"

"घावलं की. गोडं."

"मग नकाशात हाय न्हवं?"

"नाही," मी म्हटलं, "म्हणून तर अजून विहिरीत आहे."