भावोजींनी काढलेला थर्मोस्टॅट

मनोहर भावोजी गेल्याची बातमी आली तेव्हा मी गॅरेजमध्ये एका व्हॅनखाली आडवा होतो. फोन ताईचा होता, आणि कामाच्या वेळेत ताई कधी फोन करत नाही. "नंदू, हे गेले रे," एवढंच ती म्हणाली, आणि पुढे नुसता एसीचा आवाज येत राहिला. इथे बहारीनमध्ये, उम्म अल हस्समच्या त्यांच्या फ्लॅटवर पोचेपर्यंत मला रडूबिडू काही आलं नाही. खरं सांगायचं तर राग आला होता... माझ्याशी जे बोलायचं ते न बोलताच हा माणूस निघून गेला, याचा राग. पुढे सगळं रीतसर पार पडलं. भावोजींना गावी नेलं, दिवसकार्य उरकलं आणि ताई परत आली, कारण इथल्या बालवाडीत तिची स्वतःची नोकरी आहे. आता इथल्या मराठी मंडळातले लोक म्हणतात, तू जवळचा माणूस, मंडळाच्या अंकाच्या पुरवणीसाठी चार शब्द लिही, चांगलं लिही. जवळचा मी होतोच. चांगलं किती लिहिता येतं ते बघतो.

आमच्या संगमेश्वराकडे लग्नात कानपिळीचा मान नवरीच्या धाकट्या भावाचा. तो मान माझा होता. मित्रांनी भरीला घातलं आणि मी नवऱ्या मुलाचा कान असा पिळला की भावोजींच्या डोळ्यांत पाणी आलं. सगळा मांडव हसला. तेही हसले, शर्टपीस माझ्या हातात ठेवला आणि खाली वाकून हळूच म्हणाले, "लक्षात ठेवतो." लोकांना ती थट्टा वाटली, मला अजूनही तसं वाटत नाही. पुढे त्यांनीच मला बहारीनला आणलं, आपल्या गॅरेजमध्ये लावून घेतलं, ऑटोमॅटिक गिअरबॉक्स खोलायला शिकवलं. हे मी नाकारत नाही. नाकारायची सोयच त्यांनी ठेवली नव्हती. गणपतीत, कोणाच्या बारशात, गॅरेजमध्ये गिऱ्हाइकासमोर माझी ओळख एकच असायची, "हा माझा मेव्हणा. मीच आणला." ते फोरमन होते आणि घरीदारी फोरमनच होते. ताईच्या भाजीत मीठ किती पडलंय हे ते चव न घेता सांगायचे, आणि त्यांचा अंदाज चुकला तर भाजीच चुकलेली असायची. आपलं चुकलं, हे शब्द त्यांच्या तोंडून मी कधी ऐकले नाहीत. ताईनेही ऐकले नसावेत, असं मला तेव्हा वाटायचं.

आमच्यात जे बिनसलं ते एका जुन्या अमेरिकन डिझेल ट्रकवरून. ट्रक अबू खलीलचा. हा इथलाच माणूस, त्याचे घोडे आहेत, आणि घोड्यांची ट्रॉली मागे लावून तो सखीरच्या बाजूला सारखा ये-जा करतो. एका उन्हाळ्यात ट्रॉली ओढताना ट्रक तापायला लागला. भावोजींनी आखातातल्या निम्म्या गॅरेजांत करतात तेच केलं, थर्मोस्टॅट काढून कचऱ्यात टाकला. थर्मोस्टॅट म्हणजे इंजिनाच्या पाण्याच्या वाटेवरची झडप. इंजिन गरम होईपर्यंत ती पाणी अडवून धरते, गरम झालं की सोडते. इथल्या उन्हात पाणी अडवायचंच कशाला, असा आमच्या लोकांचा हिशोब. उन्हाळाभर तो बरोबरही ठरला. उन्हाळा सरता सरता त्याच ट्रकचा गिअरबॉक्स बनवायला आला आणि तो मी बनवला. एकट्याने बनवलेला माझा तो पहिला मोठा गिअरबॉक्स. अबू खलील चालवून आला आणि खिडकीतूनच म्हणाला, "ज़ैन, बहुत ज़ैन." ज़ैन म्हणजे उत्तम. त्या दिवशी मी ताईकडे मिठाई घेऊन गेलो होतो.

मग थंडी सुरू झाली आणि ट्रक परत आला. "ओव्हरड्राइव्ह मफी," अबू खलील म्हणाला. मफी म्हणजे नाही, आणि ओव्हरड्राइव्ह म्हणजे शेवटचा गिअर, मोकळ्या रस्त्यावर इंजिनाला दम घेऊ देणारा. तो पडतच नव्हता. सकाळी तर नाहीच, दुपारी कधी पडायचा, कधी नाही, आणि एरवी इंजिन नुसतं बोंबलत राहायचं. भावोजींनी माझ्याकडे एक नजर टाकली आणि म्हणाले, "खोल परत." मी खोललं. क्लच प्लेटा कोऱ्या, सील जागच्या जागी. ऑइल बदललं, फिल्टर बदलला, थ्रॉटलची केबल पुन्हा लावली, सोलेनॉइड नवा घातला, वायरी एकेक करून तपासल्या. ट्रक तसाच. गॅरेजमधली पोरं माझ्यापुढे गप्प बसायला लागली, तेव्हाच मला कळलं की माझ्यामागे काय बोलणं चाललंय.

एकदा सखीरहून चालवून आणल्यावर मी बॉनेट उघडलं आणि रेडिएटरच्या वरच्या पाइपवर हात ठेवला. एवढ्या लांबून आलेल्या गाडीचा तो पाइप हाताला चटका देतो. मी तो मुठीत धरून उभा राहू शकत होतो. टेम्परेचरचा काटा तळाला. इंजिन पुरेसं गरम झाल्याशिवाय या ट्रकचा कॉम्प्युटर ओव्हरड्राइव्ह देतच नाही, आणि थर्मोस्टॅट नसल्यामुळे थंडीत ते गरमच होत नव्हतं. खात्री करायला मी रेडिएटरपुढे पुठ्ठा बांधला आणि पुन्हा गाडी काढली. काटा वर आला आणि ओव्हरड्राइव्ह असा अलगद पडला की मी एकटाच हसलो. परत येऊन भावोजींना सगळ्यांसमोर सांगितलं. दुसरीकडे नेऊन सांगायचं मला सुचलं नाही आणि आजही त्याचं वाईट वाटत नाही, कारण खापर त्यांनी माझ्यावर सगळ्यांसमोरच फोडलं होतं.

"बहारीनमध्ये थर्मोस्टॅट?" ते म्हणाले. "इथे काय पाणी गोठतंय?"

पोरं हसली. मी म्हटलं, "भावोजी, तुम्ही स्वतः चालवून बघा." त्यांनी पुठ्ठा ओढून काढला, दुमडला आणि माझ्या पायाशी टाकला. तेवढ्यात अबू खलील आला, तर त्याला म्हणाले, "इसका हाथ अभी कच्चा है. मैं खुद बनाएगा." इतक्या वर्षांत मला एवढं कोणी तोडून बोललं नव्हतं. पगार, व्हिसा हे सगळं नंतरचं. आमच्या धंद्यात माणसाचं नाव असतं, दुसरं काही नसतं, आणि आमचं गॅरेज होतं त्या सलमाबादच्या गॅरेजांत ते नाव चहाच्या कपाबरोबर फिरतं. महिना सरायच्या आत मी सगळीकडे 'कच्चा हात' झालो होतो. मी ती नोकरी सोडली. सनदच्या बाजूला दुसऱ्या गॅरेजमध्ये लागलो, तिथेही बराच काळ मला कोणी गिअरबॉक्सला हात लावू दिला नाही, ब्रेक आणि सायलेन्सर एवढंच. ताईच्या घरी जाणं मी बंद केलं. ती यायची मला भेटायला, डबा घेऊन. भावोजींचं नाव तिनेही काढलं नाही आणि मीही.

स्वतःची समजूत मी एकच घालायचो, की त्यांना ते कळलंच नाही. जुन्या वळणाचा माणूस, कॉम्प्युटरशी वाकडं. ज्याला कळलंच नाही त्याच्यावर किती रागवायचं...

गेल्या महिन्यात अबू खलीलचा ट्रक आमच्या सनदच्या गॅरेजच्या दारात उभा राहिला. भावोजी नाहीत म्हणून तो मला शोधत आला होता. तक्रार साधी, पाणी गळत होतं. पाइप सोडवला, थर्मोस्टॅटचं झाकण उघडलं, आणि आत थर्मोस्टॅट होता. कालपरवाचा नव्हे, चांगला दोन-तीन वर्षांचा, कडेला मुरलेला. मी ट्रकखाली गेलो. गिअरबॉक्सच्या बोल्टांवर काम संपल्यावर मी पिवळ्या रंगाची रेघ मारतो, बोल्ट फिरला की ती तुटते. एकही रेघ तुटलेली नव्हती. म्हणजे 'मैं खुद बनाएगा' म्हणणाऱ्याने माझ्या कामाला हात लावला नव्हता. त्याने गुपचूप थर्मोस्टॅट बसवला होता आणि ट्रक देऊन टाकला होता. त्याला सगळं कळलं होतं.

मी बाहेर येऊन अबू खलीलला सांगून टाकलं. मेलेल्या माणसाचं सांगू नये वगैरे माझ्या मनातही आलं नाही. तो ऐकत राहिला आणि म्हणाला, "मालूम है. वो मेरे को बोला."

"कब?"

"बहुत पहले. बोला, नंदू का काम ज़ैन, गलती मेरा. मैं बोला, उसको बोलो. वो बोला, बोलेगा, इंशाल्ला."

हात न धुता मी ताईकडे गेलो. ती बालवाडीतून नुकतीच आली होती. मी दारातच विचारलं, "तुला थर्मोस्टॅटचं माहीत होतं?"

तिने पर्स खाली ठेवली. "होतं."

"मग मला सांगितलं का नाहीस?"

"मी सांगणार होते. तर म्हणाले, तू मध्ये पडू नकोस, माझं मी त्याला सांगीन. दर शुक्रवारी म्हणायचे, आज जातो नंदूकडे. अंघोळ करून, इस्त्रीचा शर्ट घालून त्या खिडकीपाशी बसायचे. जेवणाची वेळ व्हायची. मग म्हणायचे, पुढल्या शुक्रवारी."

त्यांची खुर्ची अजून त्या खिडकीपाशीच आहे. तिथून खाली रस्ता दिसतो, गाड्या लावायची जागा दिसते. ताई म्हणाली, "बस ना." मी नाही बसलो. उम्म अल हस्समहून सनदला गाडीने किती वेळ लागतो हे इथल्या कोणालाही विचारा, जेमतेम दहा-पंधरा मिनिटं. तेवढा रस्ता या माणसाला शर्ट घालून बसूनही पार झाला नाही. अबू खलीलला सांगता आलं, बायकोला सांगता आलं. मेव्हण्याला नाही.

आता सलमाबादमध्ये अबू खलील ज्याला त्याला सांगत सुटलाय, गिअरबॉक्स नंदूचाच बरोबर होता. लोक मला फोन करून तेच सांगतात, कौतुकाने सांगतात. मी हो हो म्हणतो. दर शुक्रवारी ताईकडे जेवायला जातो, आणि ती इस्त्री केलेले त्यांचे शर्ट कपाटातून काढून मला देऊ बघते, तुझ्याच मापाचे आहेत म्हणते. मी घेत नाही. मला ते एक वाक्य त्यांच्या तोंडून हवं होतं, भावोजी, दुसऱ्या कोणाच्या नाही... तुमच्या तोंडून.